जाड काचेची डबी

"धुऊ दे वो माय, मले आग होऊन राह्यली," असं थोरली पोरगी ओरडत होती आणि मी तिचे दोन्ही हात धरून तिला अंगणात वैशाखाच्या उन्हात बसवून ठेवलं होतं. तिला बघायला सावली गावचे पाहुणे तासाभरात येणार होते. हळद थापतात तशी मी तिच्या तोंडाला क्रीम थापली होती. घुग्घुसला खाणीच्या एका साहेबांकडे मी भांडी घासायचे, तिथल्या बाईंनी ती दिली होती. जाड काचेची डबी, सोनेरी झाकण, गुलाबाचा वास. "चाळिशीनंतर माझी कातडी बदलली, आता ही मला सोसत नाही. तू ने. पण रात्रीच लाव, तांदळाच्या दाण्याएवढी," असं त्यांनी बजावलं होतं. मला ती श्रीमंतांची कंजुषी वाटली. पोरीला म्हटलं, "रूप यायचं तं आग होतेच. गुमान बस." शेवटी तोंड धुतलं, तेव्हा गालांचे पापुद्रे पाण्याबरोबर निघाले. तशीच लाल तोंडानं ती पाटावर बसली. मुलाच्या आईनं चहा संपवला आणि विचारलं, "हिले राहू द्या बाई. चहा घेऊन आली ते लहानी कोणाची?" मी म्हटलं, "माझीच." लहानीचं तिथंच लग्न ठरलं. त्या लग्नात तिला पहिली हळद थोरलीनं लावली, तोवर थोरलीच्या गालांवर काळे डाग धरले होते. परवा नातीनं तसल्याच वासाची डबी घरात उघडली, मी ती बाहेर ठेवायला लावली. नात लहानीची. थोरलीचं लग्न झालं नाही, ती माझ्याजवळच राहते.