शाळेजवळचा कोपरा आणि रईसभाईंची बस

“एक जरी कोन पडला, तरी हा विषय इथंच मिटला,” साहेब म्हणाले.

शनिवारची सकाळ होती. मुकुंदवाडीच्या अलीकडच्या एका चौकात आम्ही उभे होतो. डाव्या कोपऱ्यावर मी नारिंगी कोन मांडले होते. रस्त्याच्या कामावर प्लास्टिकचे शंकू ठेवतात, ते. समोरून शहर बस येत होती.

मी रस्त्यांची आखणी करणारी इंजिनिअर आहे. एका कन्सल्टन्सीत नोकरी करते. या चौकाला लागून मुलींची शाळा आहे. आदल्या वर्षी आठवीतली एक मुलगी याच कोपऱ्यावर कारखाली आली. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि शाळेचं ते वर्ष गेलं. कारवाला प्यालेला नव्हता, भरधावही नव्हता. तो फक्त वळला. सगळे वळतात तसाच.

दोष कोपऱ्याचा होता. आमच्या भाषेत त्याला टर्निंग रेडियस म्हणतात. कोपरा ऐसपैस गोल असला, की वळताना ब्रेक लावावाच लागत नाही. तोच आवळून काटकोनाजवळ आणला, की गाडीला हळू व्हावंच लागतं. शिवाय फुटपाथ पुढं येतो आणि मुलींना ओलांडायचा रस्ता कमी होतो. मी ड्रॉइंगमध्ये तेच केलं होतं.

मंजुरी देणाऱ्या महापालिकेच्या साहेबांना ड्रॉइंग पटलं होतं, बसचं पटत नव्हतं.

“कार वळतील. एवढी लांब बस कशी वळणार?”

“सर, सॉफ्टवेअरमध्ये चेक केलंय. वळते.”

“सॉफ्टवेअर बस चालवत नाही. ट्रायल घ्या.”

मी डेपोत फोन केला आणि सांगितलं, तुमच्याकडचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर द्या. त्यांनी रईसभाईंना पाठवलं.

रईसभाई रिटायरमेंटला आलेले. कातरलेली पांढरी दाढी, कडक इस्त्रीची खाकी. बसमध्ये बसण्याआधी ते तो कोपरा दोनदा पायी चालून आले. वाकून कोनांकडं पाहिलं. मग चढले आणि बस वळवली. मागचं चाक कोनापासून वीतभर अंतरावरून गेलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. ट्रॅफिकचे हवालदार, पवार त्यांचं नाव, रस्ता अडवून उभे होते. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

“चला, पास,” साहेब म्हणाले. मी ड्रॉइंगची गुंडाळी करायला घेतली.

रईसभाई खाली उतरले. “साहेब, हे पास नाय.”

“म्हणजे? एकही कोन पडला नाही.”

“मी वळवली, त्यात काय नवल? माझी जिंदगी गेली स्टिअरिंगवर. सोमवारपासनं या रूटला गायकवाड हाय. दोन महिने झाले त्याला बसवर येऊन. त्याला बसवा. तो वळवंल तर पास.”

गायकवाड रूट बघायला म्हणून त्याच बसमध्ये बसून आले होते. गंगापूरकडचे, चाळिशीचे, आधी ट्रकवर होते. आपलं नाव ऐकून ते खिडकीतून आत सरकले.

मला रईसभाईंचा राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. आठ महिने मी या एका कोपऱ्यामागं होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

“रईसभाई, कशाला? झालं होतं ना काम.”

“मॅडम, आज कोन पडला तर आपण उचलून ठेवू. कोनाच्या जागी उद्या लेकरू असंल.”

मी सगळ्यात चांगला ड्रायव्हर का मागितला होता, ते मला ठाऊक होतं.

गायकवाड बसले. पहिल्याच वळणाला मागच्या चाकानं दोन कोन आडवे केले. दुसऱ्यांदा एक कोन चाकाखाली चेपला.

“संपलं,” साहेब म्हणाले. “कोपरा होता तसा गोल ठेवा. फार तर एक झेब्रा मारून घेऊ.”

कोपरा गोल ठेवायचा, म्हणजे मुलींची जागा काढून पुन्हा गाड्यांना द्यायची.

“साहेब, दोन मिनटं,” रईसभाई म्हणाले. “तुमी सगळे मागचं चाक बघताय. पुढं बघा ना.” त्यांनी बस ज्या रस्त्यात वळत होती, तिकडं बोट दाखवलं. तिथं सिग्नलला थांबलेल्या कार आणि रिक्षा पार चौकाच्या तोंडाशी आल्या होत्या. “बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाय, आतून कापतं. म्हणून बस आधी सरळ पुढं काढायची, मग वळवायची. पण पुढं ह्या गाड्या. हा त्यांना भिऊन लवकर वळवतोय. याचा हात चुकत नाय साहेब, याला जागाच नाय.”

“मग कोन मागं घ्यायचे?” मी विचारलं.

“कोन कशाला? गाड्या मागं घ्या.”

मला एकदम दिसलं. स्टॉप लाइन! सिग्नलला गाड्यांनी जिच्या मागं थांबायचं, ती पांढरी रेष. ड्रॉइंगमध्येही मी ती सवयीप्रमाणं चौकाच्या कडेलाच ठेवली होती. सॉफ्टवेअरमधल्या चौकात गाड्या थांबलेल्याच नव्हत्या, म्हणून तिथं बस आरामात वळत होती.

“लोक मागं थांबतील?” साहेबांनी विचारलं.

“थांबवू ना साहेब,” पवार म्हणाले.

मी पिशवीतून खडू काढला आणि पाच पावलं मागं नवी रेष ओढली. पवारांनी शिट्ट्या मारून एकेक गाडी तिच्यामागं लोटली. एक कारवाला हुज्जत घालत होता, त्याला त्यांनी हात जोडले आणि मागं पाठवलंच.

रईसभाई गायकवाडांच्या खिडकीखाली गेले. “घाई नको करू. पुढं मोकळं हाय. सरळ काढ. मी सांगत नाय, तुझं तूच बघ.” आणि खरंच पाठ फिरवून उभे राहिले.

बस पुढं आली. मला वाटलं त्याहून जास्त पुढं आली. मग वळली. कोन उभे होते. साहेबांनी आणखी चार वेळा वळवायला लावली. पाचव्या वेळेला गायकवाड हसत होते.

नंतर टपरीवर चहा घेताना मी रईसभाईंना विचारलं, “साहेब नाही म्हणून निघून गेले असते तर?”

“गेले असते तर गेले असते.” त्यांनी बशीत चहा ओतला. “मॅडम, त्या गोल कोपऱ्यावर पोरी बसच्या बगलेत उभ्या राहायच्या. आरशात दिसायच्या नाय. मी ह्याच रूटला होतो, रोज वळताना माझा दम अडकायचा. तुमच्या कोनांनी फुटपाथ पुढं आला तर त्या समोरच्या काचेतनं दिसतील. मला ते पायजेच होतं. पण गायकवाडला वळवता यायला पायजे ना. मी काय, चार महिन्यांनी घरी.”

कोनांच्या जागी आधी रंग आणि बोलार्ड, म्हणजे रोवलेले बुटके खांब आले, नंतर पक्का कर्ब, म्हणजे फुटपाथची सिमेंटची कड. आता गाड्या तिथं खरोखर हळू वळतात. शाळा सुटली की मुली घोळक्यानं पुढं आलेल्या फुटपाथवर थांबतात आणि थोड्याच पावलांत पलीकडं जातात. एकदा मी मुद्दाम बघायला गेले, तर बस गायकवाडांचीच होती. शांतपणे सरळ बाहेर काढून त्यांनी ती वळवली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष मुलींकडं होतं.

रेषेबद्दल मात्र तक्रारी येत राहिल्या. एवढ्या मागं का थांबवता, चौक तर रिकामाच दिसतो, असं लोक म्हणायचे. रस्ता सुरक्षित करायचा तर कुणाला तरी पाच पावलं मागं थांबायला सांगावं लागतं. डिझाइन एका दिवसात दुरुस्त झालं. लोकांना मागं थांबायची सवय लावायला पवारांना अख्खा उन्हाळा लागला.