न वाजलेल्या भोंग्यावर माजी सही

मंगळवारच्या रकान्यात माजीच सही व्हती.

एस्टीनं आमचा फाटा सोडून पाच मिंटं बी झाली नसतील. मांडीवर माजी लेक चिमी, हातात खाणीच्या वहीची झेरॉक्स, हापिसातनं नोटिशीसंगं आल्याली. मी पुन्यांदा वाचलं. "भोंगा वाजला, माणसं लांब केली." फुडं माजं नाव. आवं, त्या मंगळवारी भोंगा वाजलाच न्हवता! खाणीत सुरुंग उडाला, दगूड थेट वस्तीत आला आन् शांताकाकूच्या पायावर पडला. हेच सांगायला मी सोलापूरला निगाले व्हते, साक्षीदार म्हणून. आन् काकू माज्या शेजारीच, पलस्तराचा पाय म्होरच्या सीटखाली घालून बसल्याल्या.

आता हे झालं कसं ते सांगते. खाणीचा कारभार उगडा पायजे म्हणून आमच्याकडं नवा नेम आला. सुरुंगाआदी भोंगा वाजवायचा, गावातल्या एका बाईनं तो ऐकायचा आन् वहीत सही करायची. बचत गटातनं खाणीच्या समितीवर माजं नाव लागलं, सातवीपत्तुर शिकल्याली मीच म्हणून. वही असायची खाणीवर. पयले काय दिस गेले मी नेमानं. मग चिमीला ताप आला. खाणीचा मुन्शी वही घिऊन दारात. "ताई, लेकरू घिऊन उनात कशाला हेलपाटं? म्हयन्याच्या सह्या एकदमच करा की."

मला लई भला मानूस वाटला. केल्या सह्या. रकानं कोरंच व्हतं तवा.

"काय लिवलंय गं त्यात?" काकूंनी इचारलं. त्यास्नी वाचाय येत न्हाय.

"तुमच्या पायाचंच हाय," मी म्हणले आन् कागूद पिशवीत कोंबला.

कंडक्टर अक्कलकोटाकडचा, धाकट्या भैनीला कानडीत 'तंगी' म्हणणारा. "तंगी, खिडकी लाव की, पोरीला वारं लागतंय." मी काच सरकवली. बाहीर तूर कापल्याली रानं, मदीच काळ्या दगडाचं ढीग. काकूंनी कडक भाकरी मोडली, वर शेंगाची चटणी. चिमीनं चटणीचं बोट चोखलं आन् असा टाहो फोडला की समदी एस्टी वळून बगाय लागली. काकू हसल्या. "सोलापूरची पोर, आन् चटणी न्हाय सोसत!" मी माजी भाकरी तशीच फडक्यात ठिवली.

स्टँडवर सात रस्त्याला, खाणखात्याच्या हापिसात जायला रिक्षा केली. चाचा म्हातारे, दाढीला मेंदी लावल्याले. आत एक सवारी आदीच बसल्याली.

"सात रस्ता? बैठो बेटी. पयले जुळे सोलापुरात हे साब सोडतो, मग तुमाला."

"आवं चाचा, ते उलट्या अंगाला न्हाय का?" काकू वराडल्या.

"थोडं उलटं हाय की. पन रिक्षा सुलटीच चालवतो!"

खरं सांगू? मला बरं वाटलं. ही रिक्षा कदी पोचूच नये असं वाटत व्हतं. पिशवीतला तो एक कागूद चुरगाळून टाकला तर? काकूला कळणार न्हाय. पर मुन्शीकडं अक्की वही हाय की. आन् आमचं मालक, चिमीचं वडील, त्याच खाणीवर टिपर चालवत्यात. मी बोलले तर त्यांचं काम गेलं. न्हाय बोलले तर काकूचा पाय खोटा ठरला, आन् उद्या दगूड अंगणवाडीवर पडला तरी वहीत भोंगा वाजल्यालाच.

जुळे सोलापुरात नव्या बिल्डिंगी हुब्या व्हत्या. काकू मान वर करून बगत ऱ्हायल्या.

"ह्यात आपलाच डोंगर हाय बग," म्हणल्या. "हितं किती सरळ हुबा ऱ्हायलाय."

हापिसात पंखा, लांबट टेबल, टेबलामागं अधिकारी बाई. मुन्शी आदीच आल्याला, वही म्होरं ठिऊन. मला बगून हळूच म्हणला, "चिमी बरी हाय का आता, ताई?" त्याला खरंच काळजी व्हती का मला आठवण देत व्हता, मला अजून कळंना.

काकूंनी पायाचं सांगितलं. बाईंनी वही उगडली. "यात तर भोंगा वाजल्याची नोंद आहे. ही सही कुणाची?"

चिमी माजं मंगळसूत्र वढत व्हती.

"माजी," मी म्हणले. आन् मग थांबताच येईना. ताप, मुन्शी, कोरं रकानं, समदं एका दमात. मान वर करून काकूकडं बगायची हिंमत झाली न्हाय.

बाईंनी पेन ठिवलं. "म्हणजे या वहीतली एकही सही धरता येणार नाही." मुन्शी कायतरी बोलाय लागला, बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. नवी वही गावात, शाळेत ठिवायची, बाईंनी सांगितलं. तवर सुरुंग बंद. "आणि ताई, तुमचं नाव समितीतून काढावं लागेल. जबाब द्या." जबाब मी शेवटपत्तुर वाचला. चिमी रडत व्हती, तरी वाचला. बाई थांबल्या.

येताना एस्टीत काकू खिडकीशी बसल्या. भाकरीचं फडकं घडी करत, उलगडत. मग म्हणल्या.

"हापिसात बोललीस ते बरं केलंस."

"व्हय काकू."

"पर सकाळी मी तुलाच इचारलं व्हतं की. त्या बाईच्या आदी मला सांगायचं व्हतंस."

काकूंनी चिमीला माज्याकडनं घेतलं न्हाय, पर तिच्या पायावर पदर टाकला.

फाट्यावर मालक मोटरसायकल घिऊन हुबं. मुन्शीचा फोन त्यांस्नी आदीच आल्याला, तोंडावरनंच दिसत व्हतं. काकूला हात दिऊन उतरवलं त्यांनी. मग मला म्हणलं, "काय करून आलीस?"

तवापास्नं मी ह्योच इचार करतीया. तुमीच सांगा. कडंवर तापल्यालं लेकरू आन् दारात वही, तर तुमी सही केली नसती का? आन् एस्टीत, काकूनं इचारलं तवा, तुमी काय म्हणला असता?