पोट इथं, नोंद तिथं

सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. दर महिन्याला आमच्याकडून बाळंतपणांचा तक्ता दिल्लीला जायचा. त्यात व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांचा रकाना असे. तिथं आम्ही बहुतेक वेळा शून्य घालायचो आणि त्या शून्याचा मला भारी संताप यायचा. खडोली-मसाटच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पहिलटकरणी तपासणीला आमच्याकडे यायच्या, पण सातवा लागला की चालल्या माहेरी, धुळ्याला नाहीतर नंदुरबारला. काहीजणी रिकाम्या हातांनी परतायच्या. बाळाचं विचारलं की तोंडाला पदर लावायच्या.

मीही पहिल्या खेपेला माहेरी कोकणातच गेले. मुलगी झाली. पाठीचा कणा उघडा होता. जावळ काय दाट होतं हो तिचं! पाचवी पुजायच्या आधीच गेली.

टोकरखाड्याच्या क्वार्टरवर परतले, ड्युटीवर हजर झाले आणि तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, माझी मुलगी तक्त्यात घ्या."

"सिस्टर, जन्म जिथं, नोंद तिथं. नियम आहे."

"डोंबलाचा नियम! पोट तर इथं वाढलं ना? इथलंच पाणी प्यायले ना मी?"

साहेब माणूस वाईट नव्हता. पण नियमापुढे त्याचं काही चालत नव्हतं. माझ्या मुलीचं असं का झालं, ते मला आजही ठाऊक नाही. पण कुणी विचारायला तरी हवं होतं, आणि शून्य बघून कोण कशाला विचारील? त्या महिन्याचा तक्ता मीच भरला, त्या रकान्यात शून्य घालून.

दुसऱ्या वेळी आई मला न्यायला आली. मी साफ नाही म्हटलं. "जे काय व्हायचं ते इथंच होऊ दे. इथं लिहिलं तरी जाईल."

"अगं, अभद्र काय बोलतेस!" आई रडायला लागली. मग मीही रडले.

मुलगा झाला, धडधाकट. माझ्याच वॉर्डातली मैत्रीण नोंद करायला खाटेशी बसली.

"व्यंग?"

"नाही."

"कितवं मूल?" तिनं विचारलं आणि स्वतःच हळू आवाजात म्हणाली, "पहिलंच लिहिते गं. आज आनंदाचा दिवस आहे, कशाला ती आठवण?"

तिचा जीव होता माझ्यावर. पण मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडले, "दुसरं लिही! सिल्वासाच्या कागदावर माझ्या पोरीला तेवढीच जागा आहे."