वाकळीची विजार

पिंपरीच्या वस्तीत तानुबाईसारखी वाकळ कुणाला जमत नसे. फाटकी जुनेरं तिच्या हाताखालून गेली की आणखी कितीतरी हिवाळे काढत. पण वाकळीची विजार शिवायची वेळ तिच्यावर आली ती एकोणऐंशी सालच्या थंडीत.

तिचा नवरा भिवा ट्रकच्या चासी पोचवायचा. कारखान्यातून निघालेली चासी म्हणजे नुसता सांगाडा. चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि बसायला एक फळकूट. छप्पर नाही, दार नाही, समोर काच नाही. तसल्या उघड्या गाडीवर बसून ड्रायव्हर पार दिल्ली गाठायचे आणि गाडी सोपवून रेल्वेनं परतायचे. आदल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरकडच्या धुक्यानं भिवाचे गुडघे असे धरले, की घरी आल्यावर त्याला मांडी घालता येईना. छातीतली घरघर होळीपर्यंत गेली नाही.

यंदा पुन्हा दिल्लीची फेरी लागली तेव्हा तानुबाई म्हणाली, "न्हाई म्हणा की."

"न्हाई म्हटलं की म्होरली गाडी दुसऱ्याला. मग घरी बसून काय करू?"

दुपारी दाभण, सुतळी आणि गोणपाटं घेऊन ती रस्त्याकडेला लावलेल्या चासीपाशी गेली. फळकुटावर पेंढ्याची गादी बांधली, समोर गोणपाटाचा आडोसा ताणला. भिवा भोसरीपर्यंत जाऊन आला आणि उतरताच त्यानं आडोसा ओरबाडून काढला.

"वारा भरला की रस्ता दिसत न्हाई. दिल्लीला धाडतीस का वर?"

तानुबाईचं तोंड एवढंसं झालं. त्याचं खरंच होतं. मग तिनं त्याच्या पायांभोवती वाकळ गुंडाळून पाहिली, तर ती ब्रेकमध्ये अडकायला लागली. शेवटी घरी येऊन तिनं घरातली सगळ्यात जाड वाकळ, आईनं लग्नात दिलेली, काढली, जरा वेळ हातात धरून बसली आणि कात्री चालवली. दोन पाय वेगळे, कमरेला नाडी.

सकाळी तानुबाई भिवाला पोचवायला कारखान्याच्या गेटापर्यंत गेली. त्याच्या अंगातली विजार बघून बाकीचे ड्रायव्हर खो खो हसले. "भिवा राव, वहिनीचं लुगडं नेसून निघालास व्हय?"

भिवाचे कान तापले. विजार उतरवून त्यानं गाठोड्यात कोंबली आणि बायकोकडं न बघताच गाडी काढली. तानुबाई घरी आली. आईची वाकळ गेली आणि माणूसही रुसून गेला, हे तिला खात राहिलं.

भिवा परतला तो अंगात ताप घेऊन. विजार त्याच्याकडं नव्हती.

"फेकलीत?"

"न्हाई गं. शिवपुरीपासनं अंगातच हुती. ग्वाल्हेरला आमच्याबरोबरचा म्हातारा डायवर, कुरुळीचा ज्ञानदेव, गाडीवरनं उतरंना. पाय लाकूड झालं हुतं त्याचं. आमी उचलून शेकोटीपाशी नेला. मग त्याला घातली."

"आन् तुमी?"

"सदऱ्यात वर्तमानपत्रं कोंबली."

"माझ्या आईची वाकळ हुती ती."

"ठावं हाय. परत देत हुता तो. माझ्याच्यानं घेववली न्हाई."

तिला राग आला होता. तरी तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढा चुलीवर चढवला.

त्याचा ताप उतरत होता त्या सुमारास ज्ञानदेवची बायको केसरबाई दारात आली. काखेत जुनेरांचं गाठोडं. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बघून ती उंबऱ्याशी घुटमळली. असल्या घरात तिच्याकडच्या बायका कधी आल्या नव्हत्या.

"या की," तानुबाई म्हणाली.

केसरबाई आत येऊन बसली. "मालक बरं हायेत. विजार अजून अंगावरनं काढत न्हाईत. तुमची वाकळ काय परत आणता यायची न्हाई, पर ही माझी लुगडी घ्या. भिवा भाऊजींना दुसरी शिवा."

चहा झाला. कप खाली ठेवून केसरबाईनं स्वतःच सुईत दोरा ओवला. "कुठनं धरायचं, सांगा."

तानुबाईनं लुगड्याचं एक टोक तिच्याकडं सरकवलं आणि दुसरं आपल्या मांडीवर घेतलं.