साहेबांचा फोल्डर

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. मुलं मोठी होईपर्यंत घरी राहिलेली बाई पुन्हा प्रोग्रामिंगला आली, म्हणून हा आदर. कुणाला नको असलेलं काम गळ्यात मारायलाही हाच आदर कामी यायचा. "ताई, जरा बघता का?" म्हटलं की झालं. तिची उमेदवारी संपत आली होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेबांच्या हातात होतं.

तिथे दवाखान्यातल्या सलाईनच्या पंपांचं सॉफ्टवेअर बनायचं. पंपाच्या पोटात त्याला चालवणारी इवलीशी संगणकप्रणाली, लिनक्स, आणि ती तयार झाली की तिच्या टेस्ट चालायच्या. नवा सर्व्हर आला आणि नळी तुंबल्यावर वाजणाऱ्या अलार्मच्या सगळ्या टेस्ट नापास झाल्या. फाईल सापडत नाही, एवढंच रडगाणं. ताईने मान मोडून शोधलं. अलार्म किती वेळाने वाजावा हे ठरवणाऱ्या फाईलचा टेस्टमध्ये लिहिलेला पत्ता थेट साहेबांच्या जुन्या सर्व्हरवरच्या खासगी फोल्डरचा निघाला. साहेब तेव्हा साधे प्रोग्रामर होते, आपल्या फोल्डरात फाईल ठेवून मोकळे झाले होते. नव्या सर्व्हरवर तो फोल्डर कुठून असणार?

तिने पत्ता बदलला. पंपात जी फाईल जाते तीच टेस्टने उघडावी, इतकी साधी गोष्ट. फाईल सापडली आणि टेस्ट पुन्हा नापास झाली, या वेळी खरीखुरी. पंपातल्या फाईलमध्ये अलार्मची वेळच चुकलेली होती. नळी तुंबली तरी तो बराच वेळ गप्प बसणार होता. इतकी वर्षं टेस्ट साहेबांच्या फोल्डरातली बरोबर प्रत तपासून पास होत होती. पंपाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ताई उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"ताई, तुम्हाला टेस्ट पास करायला सांगितल्या होत्या," साहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

"पण सर, पंपात जाते ती फाईलच चुकीची आहे."

"ती बदलली तर सगळ्या मंजुऱ्या पहिल्यापासून. माल शुक्रवारी जायचाय. नव्या सर्व्हरवर माझ्या नावाचा फोल्डर करा, जुनी फाईल टाका, विषय संपला. पुढच्या खेपेला बघू." मग आवाज मऊ झाला. "तुमचं कायम व्हायचंही बघायचंय ना मला."

ती जागेवर आली. जुना पत्ता परत घातला. फोल्डर केला, साहेबांचं नाव एकही अक्षर न चुकता लिहिलं. टेस्ट एकामागून एक हिरव्या होत गेल्या. चूक करणारा नामानिराळा राहिला आणि शोधणारीचेच हात बरबटले.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांसमोर तिला कायम केल्याचं सांगितलं. "ताईंनी प्रश्न मुळापासून सोडवला," म्हणाले. टाळ्या पडल्या. खाली गेटवर पंपांची खोकी ट्रकमध्ये चढत होती.

"झालीस ना कायम? मग तोंड का पाडलंयस?" संध्याकाळी घरी इस्त्री करता करता नवऱ्याने विचारलं.

तिने सगळं सांगितलं.

"अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? सांगितलं ते केलंस, बस."

दिवसभर तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.