अकरा इंची पडद्यावर बारा मिनिटं

तीन मार्चला ताळेबंदांनी आठ हजार चारशे पन्नास मोजून एक जुना, छोटा लॅपटॉप घेतला, आणि सोळा मार्चपर्यंत भेटेल त्याला ते सांगत होते की सौदा स्वस्तात मारला. सतरापासून त्यांनी सांगणं बंद केलं.

ताळेबंद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फरश्या आणि नळ विकणाऱ्या एका पेढीत ते एकतीस वर्षं हिशेब लिहीत होते, निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि तिथली माणसं पाठीमागे त्यांना ताळेबंद म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. मनातून थोडं आवडतही होतं.

लॅपटॉप घेतला तो बायकोसाठी. तिला ऐकू कमी येतं. कानातल्या यंत्रामुळे आवाज झाला हे कळतं, शब्द मात्र ती समोरच्याच्या ओठांवरून उचलते. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पाठ फिरवून पुटपुटलेलंही आरशात दिसलं तर तिला कळतं, हे ताळेबंद लग्नाच्या तिसऱ्या वर्षी शिकले होते. पण मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि पंचाईत झाली. फोनवरचा नुसता आवाज बायकोच्या कामाचा नाही, आणि फोनच्या काड्यापेटीएवढ्या पडद्यावर ओठ म्हणजे मुंगी. त्यामुळे मुलीशी ताळेबंद बोलत आणि बायको शेजारी बसून राही.

"काय म्हणाली?" फोन ठेवला की ती विचारी.

"सगळं ठीक आहे म्हणते."

"बावीस मिनिटं एवढंच म्हणत होती?"

"तेच वेगवेगळ्या शब्दांत."

जन्मभर खालची बेरीज तेवढी मोठ्या साहेबांपुढे ठेवायची सवय, ती घरातही लागली होती. एकदा मुलीला आठवडाभर ताप होता आणि आईला ते महिन्यानंतर कळलं. ताळेबंदांचं म्हणणं, ताप चढला आणि उतरला, शिल्लक शून्य, मग सांगायचं काय? त्या रात्री त्यांना जेवण वाढलं गेलं, पण कोणी वाढलं ते दिसलं नाही.

तर ही मुलगी बुटांचे तळवे चिकटवायच्या डिंकावर काम करते. एकोणतीस मार्चला, शनिवारी सकाळी अकरा वाजता, मोठमोठ्या जाणकारांच्या सभेत तिचं बारा मिनिटांचं भाषण होतं, आणि ते घरबसल्या थेट बघता येणार होतं. पहिलंच भाषण. तिने मुद्दाम कळवलं की कॅमेरा शेवटपर्यंत तोंडावरच ठेवायला सांगितलंय.

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. "हे माझं मला ऐकायचंय," ती म्हणाली. "तुमची बेरीज नको."

"माझ्यावर सोड," ताळेबंद म्हणाले. असं ते सहसा म्हणत नाहीत, आणि का म्हणत नाहीत ते पुढे त्यांना आठवलं.

लॅपटॉपवर कुठलाही व्हिडिओ लावा, तीन सेकंद सुरळीत चाले, मग माणूस तोंड उघडं टाकून थिजे, मग आवाज पुढे पळे आणि चित्र मागून लंगडत येई. मुलीशी बोलून पाहिलं तर तेच.

"ही आधी हसते आणि मग तोंड हलवते," बायको म्हणाली. "माझं डोकं दुखायला लागलं."

ताळेबंदांनी नोंदींची वही उघडली. तारीख, वेळ, मिनिटाला किती वेळा अडकलं, शेरा. नऊ दिवसांची सरासरी चौदा निघाली. सरासरी काढल्यावर त्यांना बरं वाटलं, पण व्हिडिओला काही फरक पडला नाही. इंटरनेटवाल्यांना फोन केला, तर आमच्याकडून वेग पुरेपूर येतोय असं ते दोनदा म्हणाले. इंटरनेटचा डबा कपाटावरून खिडकीत आणि खिडकीतून फ्रिजवर गेला. शेवटी दोष मुलीकडचाच असणार असं ठरवून त्यांनी तिला सांगितलं, "तू बोलताना हलू नकोस."

पोर बिचारी ओळखपत्रावरच्या फोटोसारखी ताठ बसून बोलली. तरी चौदाच.

गुरुवारी बायको म्हणाली, "परवा आहे."

"माहीत आहे."

"खालच्या टेलरबाई दिवसभर लॅपटॉपवर कापायचे नमुने बघतात. त्यांचा कधी अडकलेला पाहिला नाही."

टेलरबाईंचा लॅपटॉप ताळेबंदांनी पाहिला होता. बिजागरी मोडलेली, पडदा दोऱ्याच्या दोन रिळांना टेकवून उभा. अशा माणसाकडे सल्ला मागायला जायचं म्हणजे जरा जडच. म्हणून त्यांनी एक पँट बरोबर घेतली.

"काका, ही तर बरोबर आहे," टेलरबाई टेप लावून म्हणाल्या.

"थोडी लांब वाटते."

"कोणाला?"

ताळेबंदांनी पँट पुढे सरकवली. टेलरबाईंनी त्यांच्या दुसऱ्या हाताखालच्या पिशवीकडे पाहिलं. "आणि त्यात काय आणलंत? तेही आखूड करायचंय?"

मग सगळं सांगावंच लागलं. बाईंनी कात्री खाली ठेवली, लॅपटॉप कापायच्या टेबलावर घेतला आणि उघडला.

"वर ही रांग कसली? एक्केचाळीस पानं उघडी आहेत. एवढं सगळं एकदम वाचता?"

"वाचत नाही. प्रलंबित आहेत."

काम पुरं होईपर्यंत फाइल बंद करायची नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम. गुडघ्याचे व्यायाम पुरे झाले नव्हते. मिक्सरची किंमत तीन दुकानांत बघून झाली होती, चौथं बाकी होतं. निवृत्तीचा अर्ज अर्धा भरला होता.

"काका, मशीनखाली एका वेळी एकच कापड जातं. एक्केचाळीस कोंबलीत तर काय होईल? सुई मोडेल." बोलता बोलता बाईंनी चाळीस पानं मिटवली. ताळेबंदांनी चाळीसही मोजली. "आणि व्हायरसवर पहारेकरी दोन कशाला?"

"एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायचं. आमच्याकडे पद्धतच आहे."

"म्हणजे हे दोघं दिवसभर एकमेकांचीच झडती घेतायत. एकाला घरी पाठवते." त्यांनी व्हिडिओ लावला आणि कोपऱ्यातल्या चाकाच्या खुणेवर बोट ठेवलं. "चित्राचा दर्जा सगळ्यात वरचा लावलाय."

"पैसे तेवढेच पडतात. मग वरचा का सोडायचा?"

"पडदा रुमालाएवढा, आणि मागवता चादर. मग ते बिचारं घड्या घालत बसतं." त्यांनी दर्जा तीन पायऱ्या खाली आणला. "वायर कुठंय याची?"

"घरी. बॅटरी वाचवायचं बटण चालू ठेवतो मी. कायम."

"उपाशी ठेवायचं आणि वर पळायला लावायचं! बटण काढलं, आता वायर लावूनच बघा. शेवटचा बंद कधी केला होतात?"

"रोज मिटतो."

"मिटणं वेगळं, बंद करणं वेगळं."

ताळेबंदांनी तारखा आठवून पाहिल्या. "घेतल्यापासून नाही."

बाईंनी यंत्र पूर्ण बंद केलं आणि उचलून खाली पाहिलं. तळाला नाड्यांनी बांधलेली जाड, कापूस भरलेली गादी होती. "ही मीच शिवून दिली ना? मला वाटलं झोपवायला हवीय. याच्यावर ठेवून चालवता होय? खालून श्वास घेतं ते."

पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर एक बाई कॉलर कापू लागली. कात्री कापडातून अशी सरळ गेली की ताळेबंदांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ धरलं. मिनिटाला शून्य.

"किती झाले?"

"पँटचे साठ."

"आणि याचे?"

"याचे काही नाही. पँटचे साठ."

खिशात पस्तीस निघाले. उरलेले मग देतो म्हणून ते वर आले.

इथे थांबले असते तर गोष्ट संपली होती. पण शुक्रवारी संध्याकाळी ताळेबंदांच्या अंगात काटकसर संचारली. यंत्रात आतल्या आत काय काय चालू असतं त्याची यादी त्यांना सापडली. आणि यादी सापडली की तिच्यावर खुणा केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. नाव ओळखीचं असेल तर ठेवायचं, नसेल तर बंद. दुसऱ्यांदा चालू होतानाही ते उठू नये अशी तजवीज. एकोणीस खर्च कापले. मग चाचणी म्हणून माशांच्या टाकीचा व्हिडिओ लावला. मासे लोण्यासारखे फिरत होते. ताळेबंदांनी वहीत शेरा लिहिला, 'उत्तम.'

शनिवारी सव्वादहालाच बायको खुर्ची ओढून बसली. लॅपटॉप उघड्या टेबलावर, गादी कपाटात, वायर लावलेली. अकराला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला. मुलगी आली. माईक नीट केला. बोलू लागली.

आवाज नव्हता.

ताळेबंदांनी आवाजाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आणि एकोणीस खर्चांपैकी एक कोणता होता ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. मासे बोलत नसल्यामुळे काल ते आलं नव्हतं.

"अगं, एक मिनिट, आवाज..."

"अहो, हात काढा मधून!"

त्यांचा हात मुलीच्या तोंडावर आला होता. त्यांनी तो काढला. पडद्यावर ओठ अखंड हलत होते, कुठे थांबणं नाही की लंगडणं नाही, आणि बायको पुढे वाकून त्या ओठांवरून शब्द टिपत होती. चौथ्या मिनिटाला ती मान डोलवू लागली. सातव्याला इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले आणि घाईघाईने परत घातला. ताळेबंद शेजारी बसून मुक्या पडद्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत होते. यंत्राला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. बारा मिनिटांनी समोरची माणसं टाळ्या वाजवताना दिसली.

"काय म्हणाली?" ताळेबंदांनी विचारलं.

बायकोने सावकाश पाठ टेकली. "सगळं ठीक आहे म्हणते."

"बारा मिनिटं एवढंच?"

"तेच वेगवेगळ्या शब्दांत."

मग चहा घेताना तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याला चोवीस मिनिटं लागली. सातव्या मिनिटाला मुलीने सभेला सांगितलं होतं की, आमच्या घरी एकाच बुटाचा तळवा चार वेळा चिकटवणारा एक माणूस आहे, आणि मला या विषयाची गोडी त्याच्यामुळे लागली. सगळी सभा हसली म्हणे. ताळेबंदांनी दाराजवळच्या बुटांकडे पाहिलं आणि तेवढा भाग पुन्हा सांगायला लावला.

ती पँट आता घोट्याच्या वर येते. टेलरबाईंचे पंचवीस द्यायचे राहिले आहेत.