बांधावरचं मचाण

आर्डिसच्या अंगणात कोंबड्यांचं एक खुराडं आहे. त्याला तीन बाजूंना सरकत्या काचेच्या खिडक्या, आत हिरवा गालिचा आणि खिडकीपाशी कोपर टेकायला गादी ठोकलेली फळी. कोंबड्यांना एवढा थाट कशाला, असं येणारा-जाणारा विचारतो. आर्डिस म्हणते, "त्यांना बाहेरचं बघायला आवडतं." आणि गप्प बसते. बाकीचं सांगायचं काम माझ्याकडे येतं, कारण माझं तोंड बंद राहत नाही हे आमच्या सगळ्या भागाला ठाऊक आहे.

आर्डिस माझी भावजय. ऑर्लिन माझा थोरला भाऊ, त्याची ही बायको. मी मार्लिस. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला, त्यामुळे आवाज कायम चढलेला. आर्डिसचं उलटं. गाईनं लाथ मारून दुधाची बादली उलथवली, तर ही गाईला म्हणायची, "झालं का समाधान?" आणि फडकं आणायला जायची. मला तिचा या गोष्टीसाठी संताप येतो. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हाही यायचा, अजून येतो.

ऑर्लिनची आठवण हळूहळू विरत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग गाई विकल्या हे गेलं. राहिलं ते कुंपण. रोज सकाळी खिशात मूठभर खिळे आणि हातात हातोडी घेऊन तो शेताच्या कडेनं निघायचा. एकेका खांबाला हात लावायचा, तार ओढून बघायचा, पुढं जायचा. आत एकही गाय नाही, पण अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यात त्याच्या कुंपणासारखं ताठ कुंपण सापडायचं नाही. एका हिवाळ्यात आर्डिसनं घाबरून दाराला कुलूप लावलं होतं. तो दिवसभर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला. जेवला नाही, भांडला नाही, नुसता उभा. संध्याकाळी तिनं कुलूप काढलं आणि मला फोन केला.

"चालू दे त्याला," ती म्हणाली. "चालतोय तोवर तो ऑर्लिन आहे. बसवला तर मग मी कुणाबरोबर राहू?"

आता लॅनी. त्यांच्या उत्तरेकडचं रान या लॅनीनं विकत घेतलं. घरांची छपरं घालतो, हात चांगला आहे, आणि खोटं कशाला बोलू, माणूसही वाईट नाही. बर्फ पडलं की आर्डिसच्या वाटेवरचं बर्फ न सांगता लोटून जायचा. पण त्यानं हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी बांधावर मचाण उभं केलं. मचाण म्हणजे काय, खांबांवर चढवलेली खोलीच ती. हिरवा गालिचा, शेगडी, सरकत्या काचेच्या खिडक्या, नेम धरताना कोपर टेकायला गादीची फळी. कुंपणाला इतकं खेटून की आर्डिसच्या शेतातल्या झाडाचं सफरचंद त्याच्या खिडकीतून हात लांब करून तोडावं. आणि त्याच कुंपणानं ऑर्लिन रोज सकाळी चालायचा.

मी असते तर करवत घेऊन गेले असते. आर्डिस खजुराच्या वड्या घेऊन गेली.

मी गाडीत बसून ऐकत होते. लॅनीनं दारातच वडी तोंडात टाकली.

"लॅनी, ते मचाण थोडं आत घेशील का रे?" आर्डिस म्हणाली. "ऑर्लिन तिथून चालतो."

"आर्डिस, हरणं बांधानंच ये-जा करतात. आता ती काय माझ्या सोयीनं चालणारेत?"

"ऑर्लिनसुद्धा चालत नाही तुझ्या सोयीनं."

तो हसला. "अहो, मी तुमच्या बाजूला कशाला मारीन? माझ्या हद्दीतलं माझ्या हद्दीत. आणि एवढ्या उंचावरून मारलेली गोळी जमिनीतच जाते. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

"बरं," आर्डिस म्हणाली आणि डबा तिथंच ठेवून आली. डबासुद्धा परत मागितला नाही बाईनं.

मग शिकारखात्याचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, मचाण त्याच्या जागेत आहे, कायद्यात बसतं. गोळी हद्द ओलांडून आली तर मला बोलवा. मी म्हटलं, "वा! म्हणजे आधी माणूस पडू दे, मग तुम्ही टोपी घालून येणार." आर्डिसनं मला कोपरानं ढोसलं आणि त्याला कॉफी विचारली.

दारूच्या गुत्त्यात तर प्रत्येकाकडे अक्कल तयारच. कुणी म्हणे, बांधावर वासाचे साबण टांगा, हरणं फिरकणार नाहीत. कुणी म्हणे, न्हाव्याकडून केस आणून पसरा. कुणी म्हणे, रात्रंदिवस रेडिओ लावून ठेवा. आर्डिस म्हणाली, "हरणांशी माझं काय भांडण आहे?"

तिनं तिच्या डोक्यानं केलं. शिकारीच्या हंगामात आमच्याकडे माणूस भडक नारिंगी घालतो, कुत्र्याला घालतो, घोड्याच्या गळ्यात बांधतो. नारिंगी दिसलं की बंदूक खाली, हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. तिनं बांधावरच्या प्रत्येक खांबाला नारिंगी फडकं बांधलं. आणि ऑर्लिनसाठी एक लांबलचक, कापूस भरलेला नारिंगी कोट आणला.

पण ऑर्लिनच्या डोक्यात काळ जुना. त्याच्या तरुणपणी शिकारी लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट घालायचे, आणि तो त्याचा कोट अजून शाबूत होता. नारिंगी कोट तो घरातून निघताना मुकाट्यानं चढवायचा, आणि मचाणासमोरच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी पोचला की काढून खांबाला नीट अडकवायचा. आर्डिसनं विचारलं तर म्हणाला, "रस्ता दुरुस्त करणाऱ्याचा कोट आहे. विसरून गेलाय बिचारा. सापडायला नको का त्याला?" आत लाल कोट असायचाच. आर्डिस दुपारी जाऊन नारिंगी कोट घेऊन यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंटाळा आला की दोन-दोन दिवस कोट खांबालाच राहायचा.

लॅनी पेट्रोल पंपावर भेटला तेव्हा म्हणाला, "आर्डिस, तुमचं बुजगावणं झकास आहे हं! मचाणावर चढलो की आधी त्यालाच हात करतो."

"तो ऑर्लिनचा कोट आहे," ती म्हणाली. "कोट तिथं असला की ऑर्लिनही तिथंच कुठंतरी असतो. लक्षात ठेव."

"ठेवलं, ठेवलं."

ऑर्लिनबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे पोरांना बंदूक हातात मिळण्याआधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. तो वर्ग कितीतरी वर्षं ऑर्लिननं घेतला, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, फुकट. मी आत भांडी घासत ऐकायचे. तो हरणाचं मोठं चित्र धरायचा आणि विचारायचा, "मारू?" पोरं ओरडायची, "मारा!" मग तो विचारायचा, "मागे काय आहे?" पोरं जवळ येऊन बघायची, तर हरणाच्या मागे झाडीत बारीकशी शाळेची बस. दुसऱ्या चित्रात वाळत घातलेले कपडे. तिसऱ्यात काहीच नाही, नुसती टेकडीची कड. "आणि कडेच्या पलीकडे?" तो विचारायचा. दुसरं काही शिकवत नव्हता म्हणा ना. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांना "मागे काय आहे?" हा एकच धडा. लॅनी त्याच वर्गातला. पुढच्या बाकावर बसायचा आणि सगळ्यात मोठ्यानं "मारा!" ओरडायचा.

हंगामाचा पहिला शनिवार उजाडला. मी आदल्या संध्याकाळीच राहायला आले होते. बेत असा की दोघींनी मिळून ऑर्लिनला निदान दुपारपर्यंत घरात रमवायचं. आर्डिसनं खबरदारी म्हणून लाल कोट पलंगाखाली दडवला आणि खुंटीवर फक्त नारिंगी ठेवला. आम्ही उठतो तो काय, पलंग रिकामा, खुंटी रिकामी, दार लोटलेलं.

आर्डिस बुटांच्या नाड्या न बांधता पळाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. चारी दिशांना बंदुका वाजत होत्या. पहिल्या सकाळी वाजतातच, कोणती कुठली काय कळणार. शेवटी दोघं वाटेनं येताना दिसली. तिनं त्याचा दंड धरला होता आणि तो तिला काहीतरी समजावत होता. कडाक्याची थंडी, आत लाल कोट नाही, म्हणून त्यानं नारिंगी कोट काढलाच नव्हता. मी देवाचे आभार मानले आणि लगेच ऑर्लिनला चार शब्द ऐकवले.

"भूक लागली," तो म्हणाला.

आर्डिसनं त्याचा कोट काढला. खालच्या घेराला फाटून पांढरा कापूस बाहेर आला होता. "तारेत अडकला वाटतं," ती म्हणाली. "शिवीन नंतर." आणि कोट दाराजवळच्या खुंटीला लावला. त्याला धिरडी वाढली. मी चिली, म्हणजे राजमा घातलेला खिमा, शिजत टाकली. घरात मांस-कांद्याचा वास सुटला.

तेवढ्यात दार वाजलं. लॅनी. डोक्यावरची नारिंगी टोपी काढून हातात घेतलेली, गाल लाल, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"आर्डिस, परवानगी मागायला आलो. मोठा नर लागला. माझ्याच हद्दीत मारला, शपथ, पण धावत तुमच्या शेतात गेला. रक्ताच्या मागानं जाऊन आणू ना?"

हे विचारावं लागतं. दुसऱ्याच्या जागेत जनावर पडलं तर आधी दार ठोठावायचं. नाही म्हटलं तर रिकाम्या हातानं परत जायचं. मी आर्डिसकडे बघितलं. मनात म्हटलं, म्हण नाही! एकदा तरी म्हण!

"जा की," आर्डिस म्हणाली. "जनावर वाया कशाला घालवायचं? आधी कॉफी घे, गारठलायस."

ऑर्लिननं धिरड्यावरून मान वर केली. "कोण रे तू?"

"लॅनी, सर. तुमच्या वर्गात होतो."

"मारलास?"

"मारला, सर! बांधाजवळ उभा होता, आडवा. एका गोळीत, आरपार."

ऑर्लिननं काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा बदलला. जेवणाच्या हॉलमध्ये चित्र हातात धरायचा तेव्हाचा चेहरा होता तो. मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

"गोळी मारलीस तेव्हा मागे काय होतं?"

लॅनी खुशीत हसला. "विसरलो नाही, सर, बघूनच मारली. मागे काही नव्हतं. तो तुमचा कोट तेवढा खांबाला, नेहमीसारखा."

आर्डिसच्या हातात कॉफीची किटली होती. ती तिनं शेगडीवर परत ठेवली.

"लॅनी," ती म्हणाली, "आज कोट खांबाला नव्हता."

"होता ना. मी चढताना हात केला त्याला."

"कोट ऑर्लिनच्या अंगात होता."

लॅनीच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, काढायचं सुचेना त्याला. आर्डिस दाराकडे गेली आणि तिनं खुंटीवरून कोट काढला. घेर दोन्ही हातांनी ताणून धरला. तारेनं फाटतं ते लांब फाटतं. हे गोल होतं. तिनं पुढून बोट घातलं, ते मागून बाहेर आलं. मग ती कोट तसाच धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही.  

लॅनी खाली बसला. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नसती तर फरशीवर बसला असता. त्यानं त्या भोकाकडे बघितलं, मग ऑर्लिनच्या गुडघ्याकडे, मग पुन्हा भोकाकडे.

ऑर्लिनला यातलं काही पोचलं नव्हतं. त्याचा प्रश्न अजून अधांतरी होता आणि उत्तराशिवाय पुढं जाणारा तो मास्तर नव्हे. त्यानं टेबलावर बोटानं टकटक केलं.

"मी काय विचारलं, पोरा? मागे काय होतं?"

लॅनीनं टोपी चेहऱ्यावर दाबून धरली. टोपीच्या आतून त्याचा आवाज आला.

"तुम्ही होतात, सर."

ऑर्लिननं विचार केला. पोरानं खरं उत्तर दिलं की तो मान हलवायचा, तशी हलवली. राग नाही, काही नाही. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला. वर्गात हा प्रश्न त्याला कधी विचारावा लागला नव्हता.

"मग मारलीस कशाला?"

चिली बुडाला लागत होती. आमच्यातलं कुणी उठलं नाही.